दहावीनंतर कोणते गणित घ्यावे : पर्याय, त्यांतला फरक आणि अकरावीचे वर्ष

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. बीजगणितात तिला चांगले गुण पडतात, भूमितीत ती अडखळते. पुढे काय करायचे हे तिचे अजून ठरलेले नाही. अकरावीला गणिताचे नेमके किती प्रकार असतात, कोणता तिला मानवेल, गणित सोडले तर काय बंद होते आणि घेतले व झेपले नाही तर काय करायचे, हे आपण विचारले आहे. मी सत्तावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणित शिकवले असून दरवर्षी जून-जुलैमध्ये हाच प्रश्न घेऊन आलेल्या पालकांशी बोलत आलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे सारे त्या दृष्टीने वाचता येईल. आपल्या व्यवस्थेत गणित घेऊन नंतर सोडणे तुलनेने सोपे आहे. सोडलेले गणित पुन्हा हाती घेणे फार कठीण आहे. त्यामुळे मुलीचे ठरलेले नसेल तर गणित ठेवावे. मात्र कोणत्या शाखेचे गणित घेतले यापेक्षाही अकरावीचे वर्ष कसे गेले यावर सगळे अवलंबून असते, आणि नेमके त्याच वर्षाकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही.

दहावीपर्यंतच्या पर्यायांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. राज्य मंडळात बीजगणित आणि भूमिती असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आणि वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते, आणि ते सर्वांना सारखेच असते. पूर्वी सामान्य गणित नावाचा सोपा पर्याय होता, तो आता नाही. अनेक पालक अजूनही त्याची चौकशी करतात म्हणून मुद्दाम सांगतो. सीबीएसईच्या शाळांमध्ये २०२० च्या परीक्षेपासून दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पेपर आहेत. दोन्हींचा अभ्यासक्रम एकच, पुस्तक एकच, वर्गातले शिकवणेही एकच. फक्त प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. आपल्या नात्यात कोणी सीबीएसईत असेल तर त्यांना एवढे जरूर सांगावे की, टक्केवारी वाढेल म्हणून बेसिक घेण्यापूर्वी अकरावीच्या गणिताच्या प्रवेशाचा त्या वर्षीचा नियम शाळेत विचारून घ्यावा. मूळ नियम असा होता की, बेसिक दिलेल्या मुलाला अकरावीला नेहमीचे गणित मिळणार नाही, ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ मिळेल. मधल्या काळात त्यात सवलती दिल्या गेल्या, पण सवलतीच्या भरवशावर मुलाचा विषय ठरवू नये.

आता अकरावी. राज्य मंडळात गणिताचे दोन वेगवेगळे विषय आहेत आणि दोन्हींचे नाव ‘गणित आणि संख्याशास्त्र’ असेच आहे. एक कला व विज्ञान शाखेसाठी, त्याचा विषयक्रमांक ४०; दुसरा वाणिज्य शाखेसाठी, त्याचा विषयक्रमांक ८८. दोन्हींची बालभारतीची पुस्तके स्वतंत्र आहेत, प्रत्येकी दोन भागांत. बारावीला दोन्हींमध्ये लेखी परीक्षा ऐंशी गुणांची असते आणि उरलेले वीस गुण वर्षभराच्या कामाचे असतात.

कला शाखेच्या मुलीलाही विषयक्रमांक ४० चे गणित घेता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. अर्थशास्त्र, गणित आणि जोडीला इतिहास किंवा मानसशास्त्र असे विषय घेऊन बारावी झालेली मुलगी पुढे अर्थशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात फार चांगले काम करू शकते, कारण आजचे अर्थशास्त्र पहिल्या वर्षापासून विकलन (एक राशी बदलली की दुसरी किती वेगाने बदलते याचे गणित, इंग्रजीत डिफरन्सिएशन) आणि संभाव्यता वापरते. अडचण एवढीच की, कला शाखेत हा विषय शिकवणारी महाविद्यालये थोडी आहेत आणि तालुक्याच्या गावी तर ती क्वचितच सापडतात. तरीही अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयात एकदा विचारावे. ज्या महाविद्यालयात विज्ञान शाखाही आहे, तेथे वेळापत्रक जुळवून कला शाखेच्या दोन-चार मुलांना गणिताच्या तासाला बसू दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

वाणिज्य शाखेत प्रवेशाच्या खिडकीवर जो प्रश्न विचारला जातो तो सगळ्या महाराष्ट्रात सारखाच आहे: ‘मॅथ्स की एसपी?’ एसपी म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, चिटणिसाची कार्यपद्धती. एसपीत गुण सहज पडतात असा समज असल्याने मोठ्या संख्येने मुले तिकडे जातात. वाणिज्याच्या गणिताची भीती ज्यांना वाटते त्यांनी त्यात काय आहे ते एकदा उघडून पाहावे. बारावीच्या पहिल्या भागात तर्कशास्त्र, मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांचे गणित), विकलन आणि त्याची उलट क्रिया असलेले संकलन (इंटिग्रेशन) यांची ओळख आहे, तीही विज्ञान शाखेपेक्षा मर्यादित आणि खर्च, मागणी, नफा यांच्या उदाहरणांनी. दुसरा भाग मला स्वतःला शिकवायला अतिशय आवडतो: कमिशन आणि दलाली, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी (काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा अभ्यास), रेषीय प्रतिगमन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज), रेषीय नियोजन (मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त लाभ काढणे) आणि कामवाटपाचे गणित. महागाईचा निर्देशांक कसा काढतात आणि कर्जाचा हप्ता कसा बसतो हे येथे अठराव्या वर्षाच्या आत कळते.

कामवाटपाचे एक छोटे उदाहरण मी नेहमी पहिल्या तासाला देतो. एका छापखान्यात दोन कामगार आहेत आणि दोन कामे आहेत. पहिला कामगार बांधणीचे काम दहा मिनिटांत करतो आणि छपाईचे बारा मिनिटांत. दुसरा बांधणीला अकरा मिनिटे घेतो आणि छपाईला वीस. प्रत्येकाला एकच काम द्यायचे आहे, तर कोणाला कोणते द्यावे? जवळजवळ सगळी मुले म्हणतात की, पहिला बांधणीत सर्वांत वेगवान आहे, त्याला बांधणी द्या. मग दुसऱ्याकडे छपाई उरते आणि एकूण तीस मिनिटे होतात. उलट वाटप केले, पहिल्याला छपाई आणि दुसऱ्याला बांधणी, तर बारा आणि अकरा मिळून तेवीसच मिनिटे लागतात. दोन माणसांत हे डोळ्यांनी दिसते. पाच माणसे आणि पाच कामे झाली की एकशे वीस प्रकारची वाटपे संभवतात आणि तेथे सर्वांत कमी वेळाचे वाटप पायरीपायरीने शोधणारी हंगेरियन पद्धत लागते. हा धडा ज्या मुलांनी मनापासून केला त्यांनी पुढे पदवीला पोचल्यावर मला सांगितले आहे की, व्यवस्थापनाच्या पुस्तकात हीच पद्धत पुन्हा भेटली. सीए व्हायचे असेल तर बारावीला गणित असण्याची अट नाही हे खरे आहे, पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक शंभर गुणांचा पेपर व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, आणि एसपी घेतलेली मुले तेथे ते सगळे दोन-चार महिन्यांत नव्याने शिकायला बसतात. म्हणून वाणिज्य शाखेत जाणाऱ्या मुलीला माझा सल्ला स्पष्ट आहे की, तिने गणित घ्यावे.

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही घेता येतात. यालाच मुले पीसीएम, पीसीबी आणि पीसीएमबी म्हणतात. जीवशास्त्र घेऊन गणित सोडणारी मुले त्या जागी भूगोल, आयटी यांसारखा विषय घेतात. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) वायुदल व नौदल शाखा, गणित किंवा संख्याशास्त्राची बी.एस्सी., यांपैकी कशाकडेही जायचे असेल तर गणित हवेच. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. वैद्यकीय शिक्षणाला गणित लागत नाही. आयसर या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांचे सारखेच, प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात, त्यामुळे मूलभूत विज्ञानात संशोधन करण्याची इच्छा असलेल्या मुलीसाठी पीसीएमबी हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. पण पीसीएमबी घ्यायचे तर चारही विषय खरोखर अभ्यासायची तयारी असावी. दोन्ही दारे उघडी राहतील म्हणून घेतलेले पीसीएमबी बहुधा असे संपते की, ऑक्टोबरपर्यंत मुलगी एक विषय मनातून सोडून देते आणि त्या विषयाच्या तासाला नुसती बसून राहते.

‘नीटची (वैद्यकीय प्रवेश परीक्षेची) तयारी करायची आहे, मग गणित कशाला’ असे म्हणणाऱ्यांबद्दल एक अनुभव मला सांगितलाच पाहिजे, कारण त्यात चूक माझी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एक हुशार मुलगी अकरावीत माझ्या वर्गात होती. पहिल्या घटक चाचणीत तिला पंचवीसपैकी सहा गुण पडले. वडिलांना भेटायला बोलावून मी सांगितले की, ही मुलगी जीवशास्त्रात रमते, तिचे गणित बदलून घ्या. त्यांनी माझे ऐकले. वैद्यकीय प्रवेश काही तिला मिळाला नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेताना तिला जैवसंख्याशास्त्र फार आवडू लागले आणि त्यातच पुढे शिकण्याची तिची इच्छा झाली. पण विकलन-संकलनाची ओळखच नसल्याने तिला ती वाट सोडून द्यावी लागली. ती मला भेटायला आली तेव्हा तिने तक्रार केली नाही, फक्त विचारले, ‘सर, तेव्हा मी आणखी तीन महिने थांबले असते तर जमले असते का?’ जमले असते. सहा गुण पडण्याचे कारण तिची कुवत नव्हतेच. कारण वेगळे होते, आणि ते त्या वेळी मला ओळखता आले नाही. त्यानंतर मी कोणालाही दिवाळीच्या आधी गणित सोडण्याचा सल्ला दिलेला नाही.

ते कारण आता नीट मांडतो, कारण आपल्या मुलीला यंदा जूनमध्ये त्यालाच सामोरे जायचे आहे. दहावी आणि अकरावी यांच्या गणितात एक मोठी उडी आहे. दहावीला त्रिकोणमिती हे भूमितीच्या पुस्तकातले एक छोटे प्रकरण असते. तेथे साइन म्हणजे काटकोन त्रिकोणात समोरची बाजू भागिले कर्ण, एवढेच शिकवलेले असते. अकरावीच्या पहिल्या भागातली सुरुवातीची प्रकरणे कोन आणि त्रिकोणमितीचीच आहेत, आणि पहिल्या पंधरवड्यातच फळ्यावर लिहिलेले दिसते की, २१० अंशांच्या कोनाचा साइन उणे एक द्वितीयांश असतो. एका मुलाने मला उभे राहून विचारले होते, ‘काटकोन त्रिकोणात २१० अंशांचा कोन मावणार कसा? आणि बाजूची लांबी उणे कशी?’ इतका योग्य प्रश्न विचारणारी मुले थोडी. बाकीची वहीत उतरवून घेतात आणि घरी जाऊन आपल्याला गणित येत नाही अशी समजूत करून घेतात.

त्याचे उत्तर जत्रेतल्या पाळण्याने देता येते. पाळण्याचा आस मध्यभागी धरा आणि त्रिज्या एक मानू. आपण बसलो ती बैठक सुरुवातीला आसाच्या उजवीकडे, त्याच पातळीवर आहे. पाळणा घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागला की बैठक आसाच्या पातळीपासून जितकी वर जाईल ती उंची म्हणजे साइन. तीस अंश फिरल्यावर ती अर्धा एकक वर असते. नव्वद अंशांना सर्वांत वर, पूर्ण एक एकक. एकशे ऐंशी अंशांना डावीकडे पुन्हा आसाच्या पातळीवर, म्हणजे शून्य. आणखी तीस अंश फिरले की २१० झाले, आणि बैठक आसाच्या पातळीच्या खाली अर्धा एकक गेली. म्हणून उणे एक द्वितीयांश. त्रिकोण कोठेच गेलेला नाही, तो या चित्रात नव्वद अंशांपर्यंत दिसतच असतो. मात्र व्याख्या त्रिकोणापुरती राहिली नाही, ती फिरण्याची झाली. ही एक गोष्ट ज्या मुलीला जूनमध्ये कोणी शांतपणे सांगितली, तिचे अकरावीचे अर्धे वर्ष सोपे होते.

दुसरी उडी भाषेची आहे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ती गणिताइतकीच मोठी असते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. आपल्या मुलीला निश्चयक येतो, क्रेमरची पद्धत येते; अकरावीत त्याला ‘डिटर्मिनंट’ म्हणतात आणि तेच प्रकरण तिला परके वाटू लागते. अंकगणिती श्रेढी तिची पाठ असते, ‘सिक्वेन्सेस अँड सीरिज’ पाहून ती दचकते. शिरोबिंदू, जीवा, स्पर्शिका, लंबदुभाजक, व्यस्त प्रमाण, एकसामायिक समीकरणे हे सगळे शब्द तिच्या ओळखीचे आहेत, पण इंग्रजी नावाने समोर आले की ती एकेका वाक्यावर अडते आणि शिक्षक तोवर पुढच्या ओळीवर गेलेले असतात. पहिल्या घटक चाचणीत सहा गुण पडलेल्या त्या मुलीचे असेच झाले होते. तिने चार प्रश्नांचा अर्थच चुकीचा घेतला होता. यावर उपाय अवघड नाही. एक शंभर पानी वही घ्यावी, डाव्या पानावर दहावीच्या दोन्ही पुस्तकांतली मराठी संज्ञा लिहावी, उजव्या पानावर तिचे इंग्रजी नाव, आणि खाली एक छोटी आकृती किंवा एक उदाहरण. साधारण दोनशे संज्ञा होतात. सुट्टीत रोज दहा केल्या तर तीन आठवड्यांत वही पुरी होते. मी आमच्या महाविद्यालयात जूनचे पहिले आठ तास याच कामाला देत असे आणि त्या आठ तासांचे फळ वर्षभर मिळत असे.

आता त्या दुर्लक्षित वर्षाविषयी. अकरावीची परीक्षा महाविद्यालय स्वतः घेते, मंडळ घेत नाही. तिचे गुण बारावीच्या गुणपत्रिकेवर येत नाहीत. एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत गणिताच्या पेपरमध्ये प्रत्येकी दोन गुणांचे पन्नास प्रश्न असतात, त्यांत अकरावीचा वाटा सुमारे वीस टक्केच. या तीन गोष्टी एकत्र झाल्यामुळे अनेक ठिकाणी अकरावीचे गणित निम्मेच शिकवले जाते, आणि जानेवारीपासून थेट बारावीचे सुरू होते. हे मला अत्यंत घातक वाटते. बारावीचा दुसरा भाग जवळजवळ संपूर्ण विकलन, संकलन आणि अवकल समीकरणांचा आहे, आणि तो अकरावीच्या पायावर उभा आहे. साइनच्या वर्गाचे संकलन करायचे असेल तर पहिल्याच पायरीला अकरावीतले दुप्पट कोनाचे सूत्र लागते. ते ज्याला येत नाही त्याला संकलन येत नाही असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात त्याचे अडलेले असते ते त्रिकोणमितीत. द्विपद वितरण बारावीत आहे, त्याला लागणारे संयोग (कॉम्बिनेशन्स, म्हणजे निवडीचे प्रकार मोजणे) अकरावीत आहेत. रेषा आणि प्रतल बारावीत आहेत, त्यांची सरळ रेषा अकरावीत आहे. सीईटीतले वीस टक्के हा आकडा म्हणूनच फसवा आहे. जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो आणि तेथे अकरावी टाळण्याची सोयच नाही.

अकरावीत विकलन कशासाठी शिकायचे हे मुलीला आधीच दिसले तर तिची ओढ वाढते, म्हणून घरच्या घरी करता येईल असे एक उदाहरण देतो. चौरसाची बाजू तीन सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ नऊ. बाजू ३.१ केली की क्षेत्रफळ ९.६१ होते, वाढ ०.६१, बाजूच्या वाढीने भागले की ६.१. बाजू ३.०१ केली की क्षेत्रफळ ९.०६०१, त्याच रीतीने भागले की ६.०१. ३.००१ केली की ६.००१. मुलीला कागद देऊन एवढी तीन उत्तरे तिच्याकडून काढून घ्यावीत आणि पुढचे उत्तर काय येईल ते विचारावे. ती सहाच्या जवळ जात राहील. मग चौरस काढून विचारावे की, हा सहा आकृतीत कोठे दिसतो? बाजू किंचित वाढवली की दोन कडांना तीन-तीन सेंटिमीटर लांबीच्या दोन पातळ पट्ट्या जोडल्या जातात. तीन आणि तीन सहा. कोपऱ्यातला इवलासा चौरस इतका लहान असतो की तो शेवटी हिशोबातून निघून जातो. पट्ट्यांचे हे चित्र पाहून डोळे चमकले, तर त्या मुलीने विषयक्रमांक ४० चेच गणित घ्यावे असे मी निःशंकपणे म्हणेन.

आपली मुलगी भूमितीत अडखळते, त्याविषयी वेगळे सांगतो. भूमितीत अडखळणे दोन प्रकारचे असते. रचना करताना कंपास हलतो, प्रमेयाचे शब्द पाठ होत नाहीत, हा एक प्रकार. तो अकरावीत जवळजवळ बाधत नाही, कारण तेथे भूमिती समीकरणांनी करतात आणि बीजगणितात चांगली असलेली मुलगी तेथे उलट पुढे जाते. सरळ रेषा, वर्तुळ, शांकव ही प्रकरणे अशा मुलींना मनापासून आवडलेली मी पाहिली आहेत. दुसरा प्रकार असा की, पक्ष आणि साध्य लिहून झाले तरी पहिली पायरी कोणती आणि ती का, हे सुचत नाही. हा प्रकार पुढे त्रास देतो, पण तो सुधारता येतो. तपासायचे असेल तर तिला सांगावे की, अर्धवर्तुळात काढलेला कोन काटकोन असतो हे पुस्तक न उघडता सिद्ध कर. केंद्र त्या बिंदूशी जोडावे आणि दोन समद्विभुज त्रिकोण दिसावेत, एवढीच त्यात युक्ती आहे. तिला उत्तर आले की नाही याला महत्त्व देऊ नका. अर्धा तास ती त्या आकृतीपाशी बसून राहते का, निरनिराळ्या रेषा काढून पाहते का, ते पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा मी या अर्ध्या तासावर अधिक विश्वास ठेवीन.

अकरावी-बारावीच्या बाहेरही गणिताच्या वाटा आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करता येते. तेथे पहिल्या वर्षी गणित येतेच, लागणारे विकलन-संकलनही तेथेच शिकवतात, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलीसाठी ही उत्तम वाट आहे आणि तिला कमी लेखू नये. एनडीएची वाट आता मुलींनाही खुली आहे. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली. त्या परीक्षेत गणिताचा तीनशे गुणांचा स्वतंत्र पेपर असतो, त्यामुळे भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालत असली तरी गणित न शिकता ती परीक्षा ओलांडणे फार अवघड आहे.

गणितातच रमणाऱ्या मुलामुलींसाठी ऑलिंपियाडची परंपरा आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे तिचे राष्ट्रीय केंद्र आहे. पहिली पायरी आयओक्यूएम ही परीक्षा. तीन तासांत तीस प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर शून्य ते नव्व्याण्णवमधला एक पूर्णांक. त्यापुढे प्रादेशिक आणि मग राष्ट्रीय परीक्षा, ज्यांत थोडेच प्रश्न असतात पण पूर्ण सिद्धता लिहावी लागते. भारत आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये १९८९ पासून भाग घेतो आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईत झाली होती. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था शाळकरी मुलांना अशा गणिताचे मार्गदर्शन करत आली आहे. ही तयारी आठवी-नववीपासून सुरू झाली तर फळते. अकरावीत प्रथमच सुरू करणाऱ्याला निवडीची आशा कमी असते, तरी या प्रश्नांचा आनंद घेण्याला वयाची अट नाही. बारावीनंतर गणितातच पदवी घ्यायची तर कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचा बी.स्टॅट., तिच्याच बंगळूर केंद्राचा बी.मॅथ. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची पदवी हे देशातले नावाजलेले अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या प्रवेश परीक्षांत गणिताच्या विचाराला महत्त्व असते, आणि आपल्या ग्रामीण भागातल्या फार थोड्या मुलांना त्यांचे नावसुद्धा माहीत असते याचे मला वाईट वाटते.

घेतलेले गणित झेपले नाही तर काय, हा आपला शेवटचा प्रश्न. अकरावीच्या सुरुवातीच्या काळात महाविद्यालयाकडे अर्ज करून विषय बदलता येतो. त्याची मुदत प्रवेशाच्या वेळीच विचारून लिहून ठेवावी. बारावीत गेल्यावर बदल करणे कटकटीचे होते. उलट ज्यांनी गणित सोडले आणि नंतर पश्चात्ताप झाला, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून म्हणजे एनआयओएसमधून बारावीचा एकच विषय स्वतंत्रपणे देण्याची सोय आहे. ती खरी सोय आहे आणि तिचा उपयोग केलेली मुले मी पाहिली आहेत. पण ज्या अभ्यासक्रमासाठी ते गणित हवे आहे तेथे असा वेगळा दिलेला विषय धरतात का, हे त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत तपासूनच अर्ज भरावा. शिवाय वर्ग नाही, सोबत नाही, शिक्षक नाही, अशा स्थितीत एकट्याने दोन वर्षांचे गणित करायचे असते.

तेव्हा दहावीचा शेवटचा पेपर झाला की मुलीला आठवडाभर विश्रांती द्यावी. मग संज्ञांची वही सुरू करावी. तिच्या जोडीला रोज अर्धा तास अवयव पाडणे, वर्गसमीकरणे आणि अपूर्णांकांची सरळ रूपे यांचा हात ठेवावा, कारण अकरावीत ज्या चुकांनी गुण जातात त्यांतल्या बहुतेक नवव्या इयत्तेतल्या असतात. कोचिंगची घाई नको. शिकवणी लावायचीच असेल तर अकरावीचे पुस्तक पहिल्या पानापासून शिकवणारी लावावी, आणि ‘आम्ही थेट बारावी घेतो’ असे जेथे सांगतात तेथून परत यावे. अर्जात गणित लिहावे. पहिल्या घटक चाचणीचा पेपर घरी आला की गुण पाहण्याआधी तिच्यासोबत बसून प्रत्येक चुकीपुढे पेन्सिलीने लिहावे, ही भाषेची चूक, ही नववी-दहावीची, ही नव्या धड्याची. पहिल्या दोन प्रकारच्या चुका निम्म्याहून अधिक निघाल्या तर विषय बदलण्याचा विचारही करू नये. दिवाळीपर्यंत त्या दोन गोष्टींवरच काम करावे आणि दुसऱ्या चाचणीचा पेपर पुन्हा याच रीतीने पाहावा.